लेकरं कंटाळली, कारण अकरा वाजले होते

वाचक पालकाचं पत्र थोडक्यात असं:

"आम्ही जुळे सोलापुरात राहतो. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. गेल्या डिसेंबरात एका रविवारी नाश्ता करून हिप्परग्याच्या तलावावर गेलो. पोचायला अकरा वाजले. लांब पाण्यावर काळे ठिपके दिसत होते, त्यातलं बदक कुठलं आणि गवत कुठलं ते मलाच कळेना. धाकट्याची चप्पल चिखलात रुतली, थोरली म्हणाली, 'झालं का? जाऊया.' वीस मिनिटांत परत फिरलो. आता तिच्या वर्गात कुणीतरी उजनीच्या फ्लेमिंगोंचे फोटो आणलेत आणि तिनं हट्ट धरलाय. ह्यांचं म्हणणं, एवढं लांब जाऊन पुन्हा तसंच व्हायचं. सासूबाईंनाही यायचंय, पण त्यांचे गुडघे दुखतात. कधी जावं, आधी कुठं जावं, सोबत काय घ्यावं? दुर्बीण विकत घ्यावी का?"

ताई, डिसेंबरात हिप्परग्याला पक्षी असतात, आणि बऱ्यापैकी जवळही येतात. तुमचा रविवार वाया गेला तो मुख्यतः वेळेमुळे. पट्टकादंबांसारखे हंस रात्री आणि पहाटे शेतात चरून येतात आणि ऊन वर आलं की पाण्याच्या मधोमध विसावतात. बरीच बदकंही तेव्हा पाठीत चोच खुपसून झोपलेली असतात. काठावर चरणारे पक्षी माणसांची, गुरांची वर्दळ वाढली की आत सरकतात. शिवाय दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते, त्यामुळं लांबचा पक्षी भारी दुर्बिणीतूनही लिबलिबीत दिसतो. अकरा वाजता जाणकार माणसालाही ठिपकेच दिसले असते.

म्हणून पहिली गोष्ट: सूर्योदयाला काठावर हजर राहा. डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात पावणेसात ते सातच्या दरम्यान उजाडतं. जुळे सोलापुरातून शहर ओलांडून तुळजापूर रस्त्याला लागेपर्यंत पाऊण तास धरा, म्हणजे सहाला घर सोडा. नाश्त्यासाठी थांबू नका, तो सोबत घ्या. लेकरांना आदल्या रात्रीच बाहेरचे कपडे घालून झोपवलं तरी चालतं, सकाळचा निम्मा गोंधळ वाचतो. आणि नऊच्या आत परत फिरा, मुलं मजेत असली तरी. पाच वर्षांच्या मुलाची खरी ताकद दीड तासाची, फार तर दोन. "अजून थोडं थांबू" म्हणत असताना निघालेलं मूल पुढच्या वेळी आपणहून उठतं, हे आम्ही अगदी खात्रीनं सांगतो.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्याकडचे हे तलाव माणसांनी बांधलेले आहेत. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला, मातीचा भराव घालून आदिला नदी अडवलेली आहे. अशा तलावात भरावाजवळ पाणी खोल असतं आणि उलट्या टोकाला, म्हणजे फुगवट्याकडं, उथळ. लोक हमखास भरावावर जाऊन उभे राहतात, कारण तिथून देखावा छान दिसतो. तिथं पाणकावळे, वारकरी, टिबुकल्या अशी बुडी मारणारी मंडळी मिळतात. पण लांब पायांचे पक्षी, म्हणजे शेकाट्या, चमच्या, करकोचे, बगळे, तुतारी, हे घोट्याएवढ्या पाण्यात चरतात. मुलांना हेच आवडतात, कारण ते मोठे असतात, उघड्यावर असतात आणि सतत काहीतरी करत असतात. त्यांच्यासाठी फुगवट्याची बाजू धरा.

त्यातही सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी राहील असा काठ निवडा, म्हणजे पूर्वेच्या बाजूला उभं राहून पश्चिमेकडं बघायचं. उलट्या बाजूला उभं राहिलात तर पाणी चकाकतं, सगळे पक्षी काळे दिसतात, आणि दुर्बीण हातात असलेलं मूल नकळत सूर्याकडं वळण्याची भीती असते. दुर्बिणीतून सूर्याकडं क्षणभर बघितलं तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. ही एकच सूचना मुलांना धाक घालून द्या.

हिप्परग्याच्या आधी एक रंगीत तालीम करा, घराजवळच. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, आपला कंबर तलाव, तुम्हाला जवळ आहे. तिथं रोज फिरायला येणाऱ्यांची पक्ष्यांना सवय झालेली असते, त्यामुळं ते माणसाला जास्त जवळ येऊ देतात. एका शनिवारी सकाळी सात ते आठ, एवढाच तास. जलपर्णी आणि कचरा बघून नाक मुरडू नका. वंचक, खंड्या, टिबुकली हे तीन पक्षी तिथं शिकून घेतले की मुलं हिप्परग्याला अनोळखी राहत नाहीत.

मुलांना पंचवीस पक्षी दाखवायचा बेत करू नका. मोठी माणसं यादी करतात, "तो बघ, तो बघ" म्हणत बोट फिरवत राहतात आणि मुलाची नजर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर फरफटत जाते. तीन पक्षी ठरवा. प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. काय बघायचं ते खाली सांगतो.

वंचक, म्हणजे ढोकरी, काठावर चिखलाच्या रंगात मिसळून उभा असतो. आधी मुलांना तो नुसत्या डोळ्यांनी शोधू द्या. उडाला की एकदम पांढराशुभ्र दिसतो, कारण पंख पांढरे असतात आणि बसल्यावर तपकिरी पाठीखाली झाकले जातात. धाकट्यासाठी हा सगळ्यात चांगला पहिला पक्षी.

टिबुकली हातात मावेल एवढी. ती बुडाली की मोठ्यानं नव्हे, ओठांत आकडे मोजायचे आणि ती कुठं वर येईल ते बोटानं दाखवायचं. बहुतेक वेळा दहा-वीस आकड्यांत येते, आणि भलतीकडंच येते. यात पंधरा मिनिटं कुठं जातात कळत नाही.

उघड्या चोचीचा करकोचा दिसला तर थोरलीला चोचीच्या मधली फट बघायला सांगा. तो गोगलगाई खातो. पिल्लांच्या चोचीला ही फट नसते, वाढत्या वयात ती पडते. त्याच्या शेजारी चमच्या असेल तर आणखी बरं: तो अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडं फिरवत चालतो, आणि चोचीला काही लागलं की मिटतो. चित्रबलाकही चोच उघडी ठेवून पाणी चाचपतो. तिघांच्या तीन तऱ्हा एका जागी दिसल्या तर मुलं आपोआप विचारतात, "ह्याची चोच अशी का?" उत्तर लगेच देऊ नका. "तो खातोय काय ते बघ" म्हणा.

पाण्यावर पानं पसरलेली असतील तर कमळपक्षी शोधा. त्याची बोटं इतकी लांब की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. याच्यात अंडी नर उबवतो आणि पिल्लंही तोच सांभाळतो, हे ऐकून बाबांकडं बघून हसू येतं, येऊ द्या. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. हा दिसला तर बाकी सगळं सोडून द्या.

पट्टकादंब मिळाले तर त्यांच्या डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्या मोजायला लावा. हे हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात आणि उन्हाळा लागायच्या आत परत जातात. घरातला नकाशा आदल्या दिवशी काढून सोलापूर आणि तिबेट दाखवून ठेवला तर नऊ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट पुरते.

वही न्या, पण नावं लिहायला लावू नका. पानावर तीन प्रश्न: पाय कुठल्या रंगाचे, चोच कशी, करतोय काय. सोबत चित्र, कसंही. नाव घरी येऊन शोधता येतं. मोबाईलवर 'मर्लिन' हे फुकट ॲप आहे, पण त्यातला भारताचा भाग घरीच वायफायवर उतरवून घ्या. ॲपमधला पक्ष्याचा आवाज तलावावर मात्र वाजवू नका. तो ऐकून पक्ष्याला दुसरा कुणी हद्दीत घुसल्यासारखं वाटतं आणि तो चरणं सोडून त्याचा शोध घेत बसतो.

आता दुर्बीण. घ्या, पण मुलांसाठी म्हणून खेळण्यातली प्लॅस्टिकची घेऊ नका. तिच्यातून काही दिसत नाही आणि मूल समजतं की दुर्बीण म्हणजे असंच असतं. घरात एकच घ्यायची तर ८ गुणिले ३२ किंवा ८ गुणिले ४२. यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १० गुणिले ५० गळ्यात मारायला बघेल, "जास्त पॉवर आहे" म्हणून. ती जड असते, जास्त पटीमुळं हाताची थरथरही जास्त दिसते आणि दिसणारं वर्तुळ लहान असल्यानं मुलाला पक्षी सापडतच नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला ८ गुणिले ३२ जमते. पाच वर्षांच्या मुलाची अडचण वेगळी आहे: त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण पन्नास मिलिमीटर असतं आणि मोठ्यांच्या बहुतेक दुर्बिणी तेवढ्या मिटत नाहीत. त्याला काळ्या चंद्रकोरी दिसतात आणि तो "दिसलं, दिसलं" म्हणून परत देतो. त्याला एकाच नळीतून, एका डोळ्यानं बघू द्या. दुर्बीण तुम्ही धरा.

सराव आदल्या दिवशी गच्चीवर करा. शेजारच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं हे चांगलं निशाण. आधी डावा डोळा उघडा ठेवून मधलं चाक फिरवून अक्षरं स्पष्ट करायची. मग डावा मिटून उजव्या नळीवरचं छोटं कडं फिरवून तेवढीच स्पष्टता आणायची. ते कडं नंतर हलवायचं नाही. थोरलीला चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी वाट्या आत दुमडायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आधी नुसत्या डोळ्यांनी वस्तू बघायची, नजर तिथंच खिळवून ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांवर आणायची. मुलं उलटं करतात, दुर्बीण लावून मग आकाशभर शोधत बसतात आणि दोन मिनिटांत वैतागतात. पट्टा आखूड करा, दुर्बीण छातीवर राहिली पाहिजे, पोटावर आपटता कामा नये.

तुमच्या धाकट्याची चप्पल रुतली, ते का ते सांगतो, कारण ते पुन्हा होऊ शकतं आणि तिथं खरा धोका आहे. आपली काळी माती पाणी ओसरल्यावर वरून वाळते, भेगा पडतात आणि पक्की वाटते. खाली ती आठवडेच्या आठवडे लोण्यासारखी मऊ असते. मोठ्याचा पाय घोट्यापर्यंत गेला तर मुलाचा गुडघ्यापर्यंत जातो, आणि ओढून काढताना ते तोल जाऊन पडतं. नियम साधा ठेवा: गवत जिथं संपतं त्याच्या पुढं मुलानं जायचं नाही. पुढं जायचंच असेल तर आधी तुम्ही काठीनं टोचून बघा. चप्पल, सँडल नकोत. जुने, घट्ट बांधलेले बूट घाला, कारण काठावर वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात आणि ते पातळ तळव्यातून आरपार जातात. एक जास्तीचा मोज्यांचा जोड आणि पँट पिशवीत असू द्या.

भरावाच्या दगडी पिचिंगवर मुलांना पाण्याच्या बाजूनं उतरू देऊ नका. पाण्यालगतच्या दगडांवर शेवाळ असतं आणि पुढं लगेच खोल. मासेमारांची जाळी काठाला बांधलेली असतात, त्यांना हात लावायचा नाही, पायही अडकतो. पाण्याजवळ असताना प्रत्येक मुलामागं एक मोठा माणूस, हात पोचेल एवढ्या अंतरावर. त्या माणसाच्या हातात मोबाईल नको. गाडी हमरस्त्यावर उभी न करता आत घ्या आणि मुलांना रहदारीच्या उलट्या बाजूनं उतरवा. तुळजापूरकडं सकाळी जड वाहनं जोरात असतात.

कपडे मातकट, हिरवट, करडे घाला. पांढरा आणि भडक लाल-केशरी टाळा. सातला स्वेटर लागतो, नऊला टोपी. खायला दशम्या, शेंगाचटणी, केळी, गुळाची चिक्की. कडक भाकरी मुलांना आवडते पण तिचा चुरा सगळीकडं पडतो. कुरकुऱ्यांची पाकिटं नकोत, ती उघडताना होणारा आवाज शांत पाण्यावर लांब जातो. पाणी मोठ्यांना लिटरभर, मुलांना पाऊण लिटर. खायच्या आधी हात सोबतच्या पाण्यानं आणि साबणानं धुवायचे, तलावाच्या नाही. शौचालय घरी किंवा वाटेतल्या पेट्रोल पंपावर उरकून घ्या. पक्ष्यांना काही टाकायचं नाही, शेंगदाणेसुद्धा नाहीत.

पक्षी त्रासलेत हे ओळखायला मुलांनाच शिकवा, त्यांना ते काम फार आवडतं. चरणाऱ्या थव्यातल्या सगळ्यांच्या माना एकदम ताठ वर झाल्या, किंवा सगळे एकाच दिशेनं तुमच्यापासून दूर चालायला लागले, की आपण जास्त जवळ आलोय. तिथंच थांबायचं, खाली बसायचं, दोन पावलं मागं जायचं. माना पुन्हा खाली गेल्या तर बरोबर. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला इथले तीन-चार महिने परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायला मिळतात. फोटोसाठी त्याला पुन्हा पुन्हा उडवणं म्हणजे ते जमवलेलं जाळून टाकणं. टाळ्या वाजवून थवा उडवणारे लोक काठावर भेटतात, त्यांना मुलांसमोर नम्रपणे थांबवा. घरटी आणि अंडी यांना हात लावायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. पडलेलं पीसही बघून तिथंच ठेवलेलं बरं.

सासूबाईंना जरूर न्या. गाडी काठाजवळ सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, काच खाली करा. उभ्या माणसापेक्षा थांबलेल्या गाडीला पक्षी कमी बुजतात, त्यामुळं बऱ्याचदा गाडीत बसलेल्या माणसालाच पक्षी सगळ्यात जवळून दिसतो. पाठ असलेली घडीची खुर्चीही ठेवा, स्टुलावरून उठताना गुडघ्यांवर जोर येतो. धाकटा दमला की तोही आजीजवळ गाडीत.

तारखेचं म्हणाल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, १२ तारीख सालिम अलींच्या. त्या आठवड्यात शहरातले पक्षीमित्र तलावांवर जातात, त्यांच्यासोबत कंबर तलावाची फेरी करा. दुर्बीण विकत घेण्याआधी त्यांच्याकडची हाताळून बघता येते. हिप्परग्यासाठी डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याच्या यात्रेमुळं शहरातून निघायलाच वेळ लागतो, ते दिवस सोडा.

उजनी शेवटी, आणि फेब्रुवारी उजाडल्याशिवाय नाही. नोव्हेंबरात धरण भरलेलं असतं. रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, उथळ पाण्याखालचा चिखल लागतो, ते चोच उलटी करून त्यातला बारीक जीव गाळून खातात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की ते येतात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी उशिरा. टेंभुर्णीजवळ धरणाच्या भिंतीवर जाऊन फ्लेमिंगो शोधणारे निराश होऊन परततात, कारण हे पक्षी फुगवट्याच्या टोकाला असतात: पुणे जिल्ह्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ आणि आपल्या करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या बाजूला. सोलापूरहून भिगवण सुमारे दीडशे किलोमीटर, तीन तास धरा.

पहाटेची होडी गाठायला साडेतीनला निघावं लागेल, पाच वर्षांच्या मुलासाठी ते बरं नाही. एक तर आदल्या रात्री तिथं राहा, मासेमार कुटुंबं राहण्या-जेवणाची सोय करतात. नाहीतर दुपारी बाराला निघा, चारच्या होडीत बसा, सहापर्यंत उतरा, मुलं परतीला गाडीत झोपतील. सकाळचा बेत असेल तर धुकं धरा, कधी कधी आठपर्यंत काही दिसत नाही.

होडीत मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का ते फोनवरच विचारा. घातल्यावर दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. नावाड्याला बसतानाच सांगा की थवा उडवायचा नाही, लांबच इंजिन बंद करून थांबायचं. होडीत कुणी उभं राहायचं नाही.

थोरलीला आधी सांगून ठेवा की फोटोतला गडद गुलाबी रंग अंगावर दिसत नाही. उभा रोहित पांढरट-फिकट गुलाबी असतो, पिल्लं तर करडी. खरा रंग पंख उघडतो तेव्हा कळतो, आणि पंख तो मनानं उघडेपर्यंत वाट बघायची. उंचीला मात्र तो तिच्याएवढा किंवा थोडा जास्तच भरेल.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नावाड्याला फोन करून नेमकं विचारा: आज थवा कुठल्या बाजूला होता, साधारण किती, होडीनं किती वेळ लागतो? "दिसतील की, या तुम्ही" एवढंच उत्तर आलं तर आठवडाभर पुढं ढकला. मार्चअखेरपर्यंत वेळ आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा लेकरांना उघड्या होडीत बसवू नका.